देवाची इच्छा नेमकी ओळखायची कशी? (करारपत्र की आई)

बंदरावरची (धागालेखिका)

जय ख्रिस्त मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी मालवण तालुक्यातली, कॅथलिक, स्टाफ नर्स. नोकरी सांभाळून जर्मन शिकले, बी-२ पास झाले, आणि आता तिकडच्या एका हॉस्पिटलचं करारपत्र हातात आहे. सही करून पाठवायचं की नाही म्हणून कळवायचं, एवढाच प्रश्न. पगारातला फरक सांगायला नको, कर्जबिर्ज सगळं फिटेल एवढा आहे.

घरी आई. तिला पार्किन्सन आहे. अजून हिंडते-फिरते, गोळ्या वेळेवर दिल्या की सकाळ बरी जाते. परवा बांगडे साफ करायला बसली. जन्मभर विळीकडे न बघता मासे कापणारी बाई. हात इतका थरथरत होता की बांगडा निसटून अंगणात पडला, मांजराने उचलला, आई हसली. मग विळी आडवी केली आणि उरलेले बांगडे तसेच पातेल्यात टाकून झाकण ठेवलं.

भाऊ वेगळा राहतो, पण त्याच वाडीत. त्याच्या होडीच्या इंजिनाचे हप्ते थकलेत. वहिनी गुणाची आहे, पण पदरात दोन लहान मुलं. भाऊ म्हणतो तू जा, आईचं मी बघतो. आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो की एक एलईडीवाला (रात्री पाण्यावर दिवे लावून मासे पकडणारा) भागीत घ्यायला तयार आहे, मग तू नाही गेलीस तरी भागेल.

फादरना विचारलं. म्हणाले, प्रार्थना कर आणि मनाला शांती वाटेल तो रस्ता धर. शनिवारच्या प्रार्थनासभेत एका ब्रदरनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं की प्रभू तुला समुद्रापार नेतोय. शेवटी दोन चिठ्ठ्या लिहून बायबलात ठेवल्या आणि पुतणीला एक काढायला लावली. 'राहा' आली. इतकं वाईट वाटलं की तिला परत काढायला लावली.

देवाची इच्छा तुम्ही कशी ओळखता? गुळगुळीत उत्तरं नकोत. स्वतः काय केलंत ते लिहा.

सागरगोटा

दुसऱ्यांदा काढायला लावलीत ना? मिळालं उत्तर. तुम्हाला जायचंय. जा. देवाने बी-२ उगीच पास केलं नाही. (हलके घ्या, पण खरंच जा.)

रानजाई

मी हिंदू, कणकवलीकडची. धागा आवडला म्हणून लिहितेय, आगाऊपणा वाटला तर सांगा. आमच्याकडे असं काही अडलं की देवळात कौल लावतात. गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो, पाण्यात भिजवलेल्या कळ्या किंवा पाकळ्या मूर्तीला चिकटवतो, आणि उजवी आधी पडली की होकार. माझ्या काकांनी लग्नापासून बोअरवेलपर्यंत सगळ्याला कौल लावला. तुमच्या चिठ्ठीत आणि आमच्या कौलात फरक काय? टोमणा नाही, खरंच विचारतेय.

जुना_पाळक

रानजाईताई, प्रश्न रास्त आहे. आमच्या शास्त्रातही चिठ्ठ्या आहेत. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थियाला निवडलं ते चिठ्ठ्या टाकूनच (प्रेषितांची कृत्ये १). पण दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा आला, आणि त्यानंतर प्रेषितांनी कोणत्या निर्णयासाठी चिठ्ठ्या टाकल्याची नोंद पुढे कुठेच सापडत नाही. पंधराव्या अध्यायात त्यांच्यापुढे मोठाच पेच आला, तेव्हा ते यरुशलेमेत बसले, वाद घातला, बर्नबा आणि पौल यांचं म्हणणं ऐकून घेतलं, आणि मग पत्रात लिहिलं की 'पवित्र आत्म्याला व आम्हांला' हे योग्य वाटलं. 'व आम्हांला' हे दोन शब्द मला फार धीर देतात. देवाने त्यांची डोकी बाजूला ठेवून निर्णय घेतला नाही.

बंदरावरची, तुम्ही दोनदा चिठ्ठी काढलीत म्हणून खजील होऊ नका. शास्त्रातल्या गिदोनानेही देवाकडे खूण मागताना लोकर दोनदा ठेवली. एकदा लोकर ओली आणि जमीन कोरडी, दुसऱ्यांदा उलट. मात्र गिदोनाला काय करायचं ते देवाने आधीच स्वच्छ सांगितलं होतं. त्याला माहिती कमी नव्हती, त्याचा धीर होत नव्हता.

चाळीसेक वर्षं पाळकपण केलं. माझ्याकडे 'देवाची इच्छा काय' विचारायला आलेल्या बहुतेकांचं ठरलेलं असायचं, त्यांना शिक्का हवा असायचा. यिर्मया ४२ वाचा. यरुशलेम पडलंय, मागे उरलेले लोक संदेष्ट्याकडे येतात आणि म्हणतात, आमच्यासाठी परमेश्वराला विचार, बरं असो वाईट असो, आम्ही ऐकू. दहा दिवसांनी उत्तर येतं: याच देशात राहा, मिसरात जाऊ नका. यावर ते काय म्हणतात? 'तू खोटं बोलतोस.' आणि जातात मिसरात, यिर्मयालाही बरोबर घेऊन. गंमत अशी की आदल्याच अध्यायात ते मिसराच्या वाटेला लागलेले आहेत. बोचकी बांधून झाल्यावर विचारायला आले होते.

तुमचं बोचकं बांधून झालंय का? झालं असेल तर तसं मोकळेपणी म्हणा. ते पाप नाही. पण मग प्रश्न वेगळा होतो.

प्रकाशवाट

पाळकसाहेब, आदर आहे, पण ब्रदरने दिलेला संदेश तुम्ही सोयीने बाजूला ठेवलात. प्रभू आजही बोलतो. मी रत्नागिरीत बँकेत होते तेव्हा माझ्याबद्दल असाच संदेश आला होता आणि अक्षरशः खरा झाला. बहिणीने विश्वास धरावा. 'समुद्रापार' याहून स्पष्ट काय हवं?

तांडेल

कोकणात कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून समुद्रापार म्हटलं तर निम्म्या वेळा खरंच होतं. आमच्या वाडीतली अर्धी पोरं आखातात आहेत.

जुना_पाळक

तांडेल, हसू आलं. पण प्रकाशवाट यांचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. पौल स्वतः म्हणतो, संदेशांचा धिक्कार करू नका. पुढची ओळ मात्र लोक गाळतात: सर्व गोष्टींची पारख करा.

आणि पारख सोपी नसते. प्रे. कृत्ये २१ बघा. सोर गावातले शिष्य 'आत्म्याच्या द्वारे' पौलाला सांगतात, यरुशलेमेस जाऊ नको. कैसरियात अगब नावाचा संदेष्टा पौलाच्या कमरबंदाने स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो, तुझं तिथे असं होईल. सगळे रडतात. आणि पौल जातो. पुढे काय होणार ते अगबाला बरोबर कळलं होतं. म्हणून पौलाने काय करावं हे रडणाऱ्यांना कळलं होतं असं नाही. ब्रदरचा संदेश खरा मानला तरी त्यात 'केव्हा' नाही आणि 'आईचं काय' नाही.

वसईकर_नाना

उशिरा आलो. घरी केळवण होतं.

आमच्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया सगळ्यांना माहीत आहेत ते नागासाकीला १५९७ मध्ये क्रुसावर मेले म्हणून. त्याआधीचं कुणी सांगत नाही. जपानात येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं, संघात घ्या म्हणून वाट बघितली. घेतलं नाही. मग चक्क व्यापार केला, आणि चांगला केला. नंतर मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले आणि त्यांच्याबरोबर परत जपानात पोचले. व्यापाराच्या वर्षांत त्यांना कुणी विचारलं असतं, देवाची इच्छा काय, तर काय सांगितलं असतं? मला नाही वाटत त्यांच्याकडे उत्तर होतं.

आता कामाचं. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती मूळचे शिपाई. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफेचा गोळा पायावर बसला, महिनोनमहिने अंथरुणावर. वेळ घालवायला दिवास्वप्नं बघायचे. सरदारकीची, बाईसाठी पराक्रम गाजवण्याची स्वप्नं बघताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांची चरित्रं वाचून तसं जगण्याची स्वप्नं बघितली की नंतरही आनंद टिकायचा. बघत असतानाचं सोडा, *नंतरचं* बघा. त्यांची सगळी पारख इथून सुरू झाली.

त्यांनी सांगून ठेवलेल्यातलं मी स्वतः वापरलेलं लिहितो. मन खचलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. दुसरं, अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला असता तर त्याला काय सांगितलं असतं ते स्वतःला सांगावं. तिसरं, आपण मरणाच्या अंथरुणावर आहोत असं धरावं आणि तिथून मागे बघावं, कोणता निर्णय घेतलेला आवडला असता. मी वसईतलं गिरीज सोडून ऑस्ट्रेलियाला मुलाकडे जायचं की नाही ते तिसऱ्याने ठरवलं. गेलो नाही. बायको अजून बोलून दाखवते.

काजूगर

नाना, छान. पण मला या हाकेबिकेच्या कथांत एक गोष्ट कायम खटकते. हाक एकाला येते, किंमत दुसरं कोणी मोजतं.

कवी ना. वा. टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी सांगितलं नाही. लक्ष्मीबाईंचं काय झालं ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, काही वर्षं नवऱ्यावेगळ्या राहिल्या. पुढे १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला आणि तो स्वतःच्या विचाराने घेतला, हे मान्य. टिळकांना हाक खरीच आली होती हेही मान्य. त्यांच्या अभंगांवर आम्ही वाढलो. तरीपण त्या मधल्या वर्षांचा हिशेब 'देवाची इच्छा' या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

सागरगोटा

म्हणजे टिळकांनी बाप्तिस्मा घ्यायला नको होता?

काजूगर

असं म्हटलेलं नाही. सांगून घ्यायला हवा होता.

तांडेल

भावाबद्दल कोणी बोलेना म्हणून मी बोलतो. आम्ही रापणीवाले, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे.

ताई, जर्मनीला जायचं की नाही यावर प्रार्थना करा, एलईडीवर करू नका. त्यात विचारण्यासारखं काही नाही. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ ला एलईडी मासेमारीवर बंदी घातलीय. होडीवर जनरेटर, रात्रभर पाण्यावर उजेड, लांबलांबचा मासा उजेडाखाली गोळा होतो आणि मोठ्याबरोबर बारकंसारकंही जाळ्यात जातं. सकाळी आम्ही वीस-तीस माणसं किनाऱ्यावर दोर ओढतो तेव्हा जाळ्यात कचरा आणि चार तारल्या. भाऊ भागीत गेला तर पैसे येतील, नाही म्हणत नाही. कुणाच्या ताटातले येतील ते मी सांगितलं. मिस्सेला माझ्या शेजारच्या बाकावर एक एलईडीवाला बसतो. शांतीचं चिन्ह द्यायच्या वेळी मी त्याच्याकडे बघत नाही, आता यावर फादरांनी मला काय म्हणायचं ते म्हणोत.

देवाने जे आधीच सांगून ठेवलंय ते परत परत विचारायला जाणं म्हणजे वेगळं उत्तर मिळतंय का बघणं.

जुना_पाळक

+१. इस्राएलला शाप द्यायला बोलावलेल्या बलामाने हेच केलं. एकदा 'जाऊ नको' ऐकल्यावर मोठी बिदागी घेऊन दुसरे सरदार आले, तेव्हा म्हणाला, थांबा, परमेश्वर आणखी काय म्हणतो बघतो. पुढे गाढवीला बोलावं लागलं.

मालवणी_आजी

गे बाय, सगळा वाचलंय. चष्मो लावन वाचलंय. माका येकच सांग. देवाक इचारलंस, पाद्रीक इचारलंस, चिठयेक इचारलंस. आवशीक इचारलंस काय?

सागरगोटा

आजी रॉक्स.

बंदरावरची

आजी, नव्हतं विचारलं. आईसमोर विषय निघाला की मीच 'बघू गं' म्हणून उठून जात होते.

काल विचारलं. गोळी देऊन अर्धा तास झाला होता, हात त्यातल्या त्यात शांत होते. करारपत्र दाखवलं, पगार सांगितला, भावाच्या हप्त्यांचं सांगितलं. मला वाटलं होतं, आया म्हणतात तसं 'माझी काळजी करू नको' म्हणेल. आई म्हणाली, 'जाव नको.' मग थोड्या वेळाने, 'तू इचारलंस म्हणान सांगतंय. नायतर बोलूक नाय असतंय.'

आता मी आणखी अडकले. आईची इच्छा म्हणजे देवाची इच्छा का?

प्रकाशवाट

नाही. मत्तय १०:३७. जो माझ्यापेक्षा आईबापावर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही.

काजूगर

ते वचन ख्रिस्तासाठी आहे, युरोतल्या पगारासाठी नाही. 'आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख' ही पाचवी आज्ञा आहे.

वसईकर_नाना

चौथी.

काजूगर

नाना, तुम्हा कॅथलिकांत चौथी, आम्हा प्रॉटेस्टंटांत पाचवी. क्रमांक कोणताही लावा, पाळायची तर आहेच ना.

वसईकर_नाना

आहेच. पण आज्ञा मान राखायची आहे, तिशी ओलांडलेल्या मुलीने प्रत्येक बाबतीत होकार घ्यायची नाही. तरी प्रकाशवाट, तुम्ही दिलेल्या वचनाच्या शेजारी मार्क ७ ठेवून बघा. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलंय असं सांगून लोक हात झटकायचे, आणि येशू त्यांच्यावर भडकला. देवाचं नाव पुढे करून घरचं टाळता येतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

जुना_पाळक

आणि योहान १९. क्रुसावर असताना त्याने आईला शिष्याच्या हवाली केलं, आणि त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. येशू आईपाशी नासरेथात राहिला नाही. आईची सोय न लावता गेलाही नाही. 'भाऊ बघेल' ही सोय आहे की बोलणं, हे तुम्ही घरातल्या घरात तपासा. रात्री दोनला तिला कुशीवर कोण वळवणार, त्याचं नाव घ्या. वहिनी असेल तर वहिनीच्या तोंडून ऐका, भावाच्या नाही.

रानजाई

हे वाचताना आमच्या गुरवाची आठवण झाली. काका कौल लावायला गेले की तो आधी विचारायचा, घरात बोलणं झालं का? नसेल तर परत पाठवायचा.

बंदरावरची

वहिनीला विचारलं. ती रडली. म्हणाली, दिवसा करेन, रात्रीचं नाही झेपणार, आणि हे यांना सांगू नका.

एजन्सीला कळवलंय की या तुकडीत येत नाही. त्यांनी लिहिलं की पुढच्या वेळी जागा असेलच असं नाही. पण खरं सांगू? फादर म्हणाले ती शांती मला अजिबात नाही. मेल पाठवल्यापासून झोप उडालीय. एवढं करून चुकीचंच ऐकलं की काय असं वाटतंय.

सागरगोटा

माझं मत बदललेलं नाही. हातची संधी घालवलीत. त्या पगारात रात्रीची बाई ठेवता आली असती. देवाने डोकं दिलंय ते हिशेबालाही वापरायचं असतं. राग नसावा.

काजूगर

सागरगोटा यांच्याशी पहिल्यांदाच अर्धी सहमत. रात्रीची बाई हा पर्याय कोणी नीट मांडलाच नव्हता. पण आमच्याकडे गावात रात्री राहणारी बाई मिळवून दाखवा.

जुना_पाळक

शांतीबद्दल लिहितो. हे वर्षानुवर्षं मीही लोकांना सांगत आलो आणि आता जपून सांगतो.

योना संदेष्टा देवापासून पळत होता. याफोला तार्शीशचं गलबत मिळालं, भाडं भरलं, समुद्रात वादळ उठलं, खलाशी आपापल्या देवांचा धावा करताहेत, आणि योना गलबताच्या तळाशी गाढ झोपलाय. पूर्ण शांती. आणि क्रुसाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत, ज्याच्याइतकं देवाचं कुणीच ऐकलं नाही तो रात्रभर जागा आहे, घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडतोय, 'हा प्याला दूर कर' म्हणतोय. झोप लागते की नाही यावरून आज्ञापालन मोजायचं तर योना पास आणि प्रभू नापास.

वसईकर_नाना

पाळकसाहेब, एवढंही नको. इग्नाती ज्याला सांत्वन म्हणतात ते मऊ वाटण्यापेक्षा वेगळं आहे, ते रडतानाही असू शकतं. त्याला दिवस लागतात. शांती उशिरा येते म्हणून ती खूणच नाही असं म्हणू नका.

जुना_पाळक

मान्य. उशिराची चालेल. आधी मागू नये, एवढंच.

प्रकाशवाट

मी अजूनही म्हणते, त्या संदेशाला वेळ आहे. पण बहिणीसाठी रोज प्रार्थना करतेय. आईसाठीही.

तांडेल

भावाचं काय ठरलं?

बंदरावरची

तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. उठून बाहेर गेला. एलईडीवाल्याला अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. हप्त्यांसाठी मी जादा ड्युट्या मागितल्या आहेत.

आता कामाची मदत हवी. आईला फिजिओथेरपी सुरू करायची आहे, तोल जायला लागलाय. आठवड्यातून एक-दोनदा घरी येऊ शकेल असं मालवण-कुडाळ पट्ट्यात कोणी माहीत आहे का? बाई असेल तर बरं, आई पुरुषाला हात लावू देत नाही.

मालवणी_आजी

माझ्या सुनेची भैन ह्याच काम करता. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कसो करूचो ता माका येणा नाय, नातवाक सांगलंय.

तांडेल

आजींचा नातू मीच. व्यनि केलाय, नंबर बघा. दुपारी दोननंतर फोन करा, सकाळी ती रेंजमध्ये नसते.